‘मले’ म्हणणारी मालिका

रविवार, जठारपेठ

चिऊला घेऊन चार दिवस राहायला आलेल्या पुण्याच्या सूनबाईने स्वतःच विचारलं होतं, "आई, चिऊबरोबर बघायला एखादी विनोदी मालिका सुचवा ना." मी नातीसाठी आपली वऱ्हाडीच सुचवली, इंटरनेटवरची. दहा मिनिटांत बंद! म्हणे, "त्यातली बाई सारखी ‘मले-तुले’ करते. चिऊ तेच उचलेल."

उचलू दे की! ‘मले’ म्हटलं म्हणून कॉन्व्हेंटात सिस्टरनी मला बाकावर उभं केलं होतं. मग मी घरीही पुस्तकी बोलू लागले. आई म्हणायची, "माह्या पोरीशी बोलाले मले भेव वाटते." तेव्हा मी हसले. का हसले? मूर्ख!

एका ‘मले’पायी आता नातीनेही माझ्याशी जपून बोलायचं? जमणार नाही. मालिका पुन्हा लावली, चिऊला शेजारी बसवलं आणि आवाज मुद्दाम वाढवला.