बारीक खाचेतलं धुकं

तीर्थरूप मामा,

तुम्हाला आणि मामीला साष्टांग नमस्कार. (कागदावर घालायला सोपा जातो. इथे प्रत्यक्ष घातला तर सोफ्याच्या सुट्या स्प्रिंगांवर पडेन.) मामीचा गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत उत्तम, फक्त सर्दी आहे, तीही कापसाच्या भुशाची.

तुमचं पत्र मिळालं. मला ऐकायला दिलेला रेकॉर्ड प्लेयर रविवारी परत न्यायला येताय आणि त्याआधी सोबतच्या सहाही अल्बमबद्दल मनापासून काय वाटलं ते लिही, असा हुकूम आहे. घरात यावर बोलायला कुणी नाही, रेकॉर्ड लागली की मामी उठून आत जाते, हे वाचून वाईट वाटलं. म्हणून सविस्तर लिहितो.

हल्ली मी सोफे दुरुस्त करणाऱ्या दुकानात आहे. (कुरियर सोडलं. त्याआधी बेकरीने मला सोडलं, पण त्यात माझी चूक निम्मीच होती, बाकीची निम्मी भट्टीची. ते असो.) प्लेयर दुकानातच मांडलाय. धुक्यातल्या बसस्टॉपचं कव्हर असलेला अल्बम मला सगळ्यात प्रिय. त्यातलं पहिलं गाणं सुरू झालंय हे कळायलाच वेळ लागतो. ते लावून मी तिघांच्या सोफ्याचं जुनं कापड उसवायला घेतलं, तर अख्खी बाजू संपेपर्यंत सोफ्याचा एकच हात उसवून झाला, आणि त्याचंही वाईट वाटलं. उस्ताद, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, "अरे, हा गातोय की ह्याला टाके घालतायत?" उलट्या छत्रीवाल्या अल्बममध्ये गिटार पाण्याखालून येते आणि ड्रमवाला प्रत्येक ठोक्याआधी घरी विचारून येतो. कोऱ्या पांढऱ्या कव्हरच्या अल्बममध्ये गाणाऱ्या गृहस्थांचा खर्ज तर असा, की ते नुसते "नळाचं पाणी गेलं" म्हणाले तरी मी रुमाल शोधेन. उरलेल्या तिन्ही अल्बमना मला झोप लागली, पण ती फार वरच्या दर्जाची होती.

आता एक कबुली. प्लेयर चकाचक करून द्यावा म्हणून बुधवारी पुसायला घेतला आणि वरची थाळी उचलली. वीस वर्षांपूर्वी थाळी फिरवणारा आतला पट्टा तुम्ही स्वतःच्या हाताने बसवलाय, थाळीला कुणी हात लावायचा नाही, हे तुम्ही मला तीनदा बजावलं होतं. (चौथ्यांदा बजावलं असतंत तर कदाचित.) आत मोटरच्या कप्पीला दोन खाचा आहेत, एक बारीक, एक जाड. सहाही कव्हरांमागे बारीक अक्षरांत छापलंय, मिनिटाला पंचेचाळीस फेरे. ते जाड खाचेवर. तुमचा पट्टा बारीक खाचेत होता, म्हणजे तेहतिसावर; वीस वर्षं सगळं संथ वाजत होतं.

मी पट्टा हलवला. धुक्यातली बस वेळेवर आली. उस्तादांचा पाय आपोआप ठेका धरायला लागला आणि त्यांनी खुर्चीला चार खिळे जास्तीचे ठोकले. ड्रमवाल्याला आता कुणालाच विचारायचं नव्हतं. पांढऱ्या कव्हरवाले गृहस्थ चक्क बाई निघाले. दिवसभर मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी पट्टा होता तसा बारीक खाचेत घातला आणि थाळी बसवली. झालं ते तुमच्या-माझ्यातच राहू दे.

तुमचा लाडका (ही कबुली वाचेपर्यंत तरी),
भाचा

ता.क. राहिलंच. पट्टा जाड खाचेत असताना मामीचा फोन आला होता. मागे बसस्टॉपवाला अल्बम चालू होता. ती म्हणाली, "अरे, ही तुला कुठे मिळाली? आमच्याकडे अगदी अशीच होती. हे नाचायचे माझ्याबरोबर तिच्यावर! मग ते यंत्र बिघडलं, ह्यांनी दुरुस्त केलं, आणि तेव्हापासून कुठून ही रडकी गाणी आणतात कोण जाणे." पट्ट्याचं मी तिला सांगितलेलं नाही, ते तुम्हीच सांगा.

ता.ता.क. तेव्हा रविवारी एकटे येऊ नका, तिला आणा. सोफे भिंतीला लावून मधली जागा मोकळी करून ठेवतो. पट्टा जाड खाचेत असेल. गुडघ्याला आता नाच झेपेल का, असं मी तिला फोनवर विचारलं, तर म्हणाली, "त्याचं माझं मी बघते, तू ह्यांचं बघ."

आणखी एक. नाचून झालं की पट्टा पुन्हा बारीक खाचेत घालून प्लेयर अजून थोडे दिवस माझ्याकडेच राहिला तर चालेल का? त्या गृहस्थांना बाई म्हणायची माझी अजून तयारी झालेली नाही.