शकुनला न झेपणारे चौदा तास

२ फेब्रुवारी २०२६, अमरावती
तिकीट काढलं. मुंबई ते मेलबर्न, मध्ये कोलंबोला चौदा तासांचा थांबा. एजंट म्हणाला, काका, तीनच तास थांबणारी दुसरी फ्लाइट आहे. म्हटलं, नाही, हीच पाहिजे. तो पाहतच राहिला.

कारण लिहून ठेवतो. सव्वा वर्षापूर्वी रागिणीने आम्हा दोघांना तिच्याकडे बोलावलं होतं. तिकिटं पाठवली, ती याच फ्लाइटची. मी कॅन्सल करायला लावली. तुझ्या आईच्या गुडघ्यांना चौदा तासांचा थांबा झेपणार नाही, असं फोनवर स्वच्छ सांगितलं. चार महिन्यांनी शकुन गेली. गुडघ्याने नाही, हार्टने. मायलेकींची भेट राहिली ती राहिलीच. तेव्हापासून पोरगी माझ्याशी हो-नाहीच्या पुढे बोलत नाही.

तर आता मी स्वतः ते चौदा तास काढणार. प्रत्येक गैरसोय वेळेसकट टिपणार आणि वही तिच्यापुढे ठेवणार. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं इन्स्पेक्शन रिपोर्ट लिहिले आहेत. आपण पुराव्याशिवाय बोलत नाही.

जाता जाता श्रीलंकेचं बेटही पाहून घ्यायचं. आठ स्पॉट काढलेत. वेळ वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.

४ फेब्रुवारी, अकोला
गजेंद्रकडे मुक्काम. शकुनचा धाकटा भाऊ. उद्या इथूनच गाडी. जेवताना त्याने दहाव्याचा विषय काढलाच.

त्या दिवशी पूर्णेच्या काठावर पिंडाला कावळा शिवत नव्हता. दोन तास झाले. एकेकाने पुढे होऊन कबूल करून पाहिलं. गजेंद्र म्हणाला, बाई, तुया पाटल्या रागिणीलेच देऊ. कावळे झाडावर बसून नुसते पाहत होते. महाराज दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा मी ओठातल्या ओठात म्हटलं, वर्षाच्या आत पोरीकडे जाऊन येतो. आला लगेच.

गजेंद्रला वाटतं, पाटल्यांमुळे आला. वाटू दे. मी हे मानत नाही. कावळ्यालाही दुपारी भूक लागते. वर्ष एप्रिलमध्ये भरतं आणि फेब्रुवारीत हवा चांगली असते, एवढाच संबंध.

गजेंद्रच्या बायकोने वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. दोन माणसांच्या. तिच्या लक्षात आलं तेव्हा डबा बंद झाला होता.

७ फेब्रुवारी, कोलंबो विमानतळ
सकाळी ६.१०. उतरलो. इन्स्पेक्शन चालू.

६.२५. चालायचं अंतर भरपूर. पावलं मोजायला लागलो तर सरकता पट्टा आला. उभं राहिलं की झालं. नोंद: पट्टा बंद पडू शकतो.

६.४०. खुर्ची. पाय लांब करता येतात. अर्धा तास कसून तपासायचं ठरवलं.

७.५०. डोळा लागला होता.

८.०५. संडास पाहून आलो. कमोड, स्वच्छ, धरायला बाजूला दांडी. प्रवास म्हटला की शकुनला पहिली धास्ती याचीच असायची. ही नोंद पेन्सिलने करून ठेवतो.

८.३०. चहा घेतला. दोन घेतले गेले. दुसरा शेजारच्या खुर्चीपुढे ठेवला, परत कुठे करणार. निवल्यावर मीच प्यायलो. त्या खुर्चीवर आता बॅग ठेवली आहे. रिकामी बरी दिसत नाही.

९.१५. व्हीलचेअरवर एक आजीबाई. नऊवारी लुगडं, पायात स्पोर्ट शूज. माझ्या डब्याकडे पाहून म्हणाल्या, दशमी काय जी? पार्वताबाई, अकोल्याकडच्या तेल्हाऱ्याच्या. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. नातीचं बाळ पाहायला मेलबर्नलाच चालल्या आहेत, एकट्या. तीच फ्लाइट, तोच थांबा.

पुराव्याच्या दृष्टीने उत्तम केस. सहानुभूतीने विचारलं, फार हाल होत असतील ना? म्हणाल्या, हाल कायचे? ते बाई खुर्ची ढकलून राह्यली, मी बसून राह्यली. घरी कोन बसू देते इतकं? मग विचारलं, बाई नाई आल्या का तुमच्या संगं? मी म्हटलं, घरी आहे. असं का म्हटलं, माहीत नाही.

एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नसतात. त्या मुळात तेल्हाऱ्याच्या आहेत, तिकडची माणसं काटक.

१०.१५. बाहेर पडतो. आठापैकी सात स्पॉट लांब निघाले. आठवा निगोंबोचा समुद्रकिनारा, रिक्षाने अर्धा तास. एकच पाहायचा पण नीट पाहायचा.

११.३०, निगोंबो. समुद्र आहे. कोळ्यांनी वाळूवर मासळी वाळत घातली आहे आणि तिच्यावर कावळे. इतके कावळे आयुष्यात पाहिले नाहीत. एकाने एका गोऱ्या बाईच्या ताटातून मासा उचलून नेला. धीट जात. मी चाललो की कठड्याकठड्याने माझ्याबरोबर येताहेत. ऊन लागलं असावं मला.

१२.१०. बसलो. डबा उघडला, पण घास उतरेना. एक दशमी कठड्यावर ठेवली. केवळ निरीक्षण म्हणून.

१२.२५. कोणी शिवलं नाही. एक कावळा हातभर अंतरावर येऊन बसला आहे. मान वाकडी करून दशमीकडे नाही, माझ्याकडे पाहतो. बाकीचे माशांवर तुटून पडलेत.

१२.३५. आजूबाजूला मराठी कळणारं कोणी नव्हतं. मोठ्याने म्हटलं, चौदा तास तुला झेपले नसते. कावळा हलला नाही. म्हटलं, डॉक्टर नको म्हणाले होते. डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं. म्हटलं, तिकडची थंडी बाधली असती. डिसेंबरात तिकडे उन्हाळा असतो, हे शकुननेच मला तेव्हा सांगितलं होतं. कॅलेंडरवर जायच्या दिवसाला गोल करून ठेवला होता तिने. मी कॅन्सल म्हटलं तेव्हा एकदाही का म्हणून विचारलं नाही. बॅग उपसली आणि कुकर लावला.

१२.५०. उठून जावंसं वाटतं, उठवत नाही.

१.०५. शेवटी म्हटलं, मलेच जायचं नव्हतं. ज्याच्या लग्नाले गेलो नाही, त्या जावयाच्या घरी ताटावर बसायची मले लाज वाटत होती. तुये गुडघे पुढं केले मी.

कावळ्याने दशमी उचलली आणि गेला.

१.२०. रिक्षावाला विचारत होता, आता कुठे? परत चल म्हटलं. घाबरलो होतो, ते लिहून ठेवतो.

३.००, विमानतळ. थंड डोक्याने विचार केला. दशमी दुधात भिजवलेली असते, तिचा वास खाऱ्या हवेत पसरायला वेळ लागतो. साधारण पंचावन्न मिनिटं. शास्त्रीय कारण आहे.

४.३०. गैरसोयींचा गोषवारा. एक, पट्टा बंद पडू शकतो. दोन, चहात आलं नव्हतं. तीन, पार्वताबाई फार बोलतात. एकूण तीन. अजून साडेतीन तास हातात आहेत, यादी वाढेल.

५.४०. वाढली नाही. पार्वताबाईंनी दोन दशम्या खाल्ल्या. म्हणाल्या, पुढच्या टायमाले बाईले आना, काई तरास नाई होत, मीच सांगीन त्यायले. मी म्हटलं, ती नाही आता. दहा महिने झाले. त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला. सकाळी घरी आहे म्हटलं होतं, त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मंग येकटेच बसले काय जी दिवसभर? मी उरलेला डबा त्यांच्याकडे सरकवला.

६.३०. रागिणीपुढे बोलायचे मुद्दे काढायला बसलो. मुद्दा एक: थांबा. पुढे काही लिहिलं जात नाही.

७.२०. रागिणीचा फोन येऊन गेला. फ्लाइट वेळेवर आहे ना, एवढंच विचारायला. ठेवता ठेवता तिने विचारलं, कोणालाही विचारावं तसं, की थांब्यात त्रास झाला का. वही मांडीवर उघडीच होती. मी म्हटलं, नाही झाला. काहीच नाही झाला.

ती म्हणाली, म्हणजे आईलेही नसता झाला. मी म्हटलं, नसता झाला. तुया घरी मले यायचं नव्हतं, आई यायले तयार होती.

तिने फोन ठेवला.

७.३५. बोर्डिंग सुरू झालं. पार्वताबाईंची खुर्ची पुढे गेली. उद्या तिकडे मला घ्यायला कोणी येणार आहे की नाही, ते रागिणीला विचारायचं राहून गेलं.