सतरा गुणिले नऊ

बाबा, १२ ऑगस्टला, मंगळवारी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी तुम्ही मला पुन्हा प्रश्न विचारलात. तुम्हाला जाळून इतकी वर्षं झाली, तरी तुमची शिस्त मोडत नाही. मी कारापूरच्या माझ्या घरात, माझ्या मेजावर, पाववाल्या पोदेराने नुकताच टाकलेला उंडो चहात बुडवत होते. फोनवर कार्ड आलं: ‘आईचा डावा कान का गेला?’ मी उठले, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि फोन फुटेपर्यंत मारला. काच बोटात घुसली, चहात रक्त पडलं, शेजारीण खिडकीतून ओरडली, “बाई, सोरोप आयलो काय गो?” मी म्हटलं, हो, सापच, आणि अजून मेला नाही.

तुम्हाला कळेल असं सांगते. औषधांच्या खिडकीमागे मी सगळी नोकरी काढली आणि एकाही गोळीच्या नावात चुकले नाही. निवृत्त झाल्यावर संगणकावर स्वतःची विकी सुरू केली. आठवणीतल्या प्रत्येक गोष्टीला एक पान, आणि एका पानातून दुसऱ्यात जायला वाट. ‘पाळी गावातलं घर’ या पानातून ‘न्हाणी’, तिथून ‘लाल धूळ’, तिथून ‘आई’. दोन वर्षांपूर्वी गॅस चालू ठेवून बाजारात गेले. मग सख्ख्या मैत्रिणीचं नाव तोंडावर आणता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याला काम द्या. तुमची नात, तुम्ही न पाहिलेली, माझ्या भावाची मुलगी, म्हणाली, “आते, पानां लिवन काय उपेग? वाचतंय कधी तू? त्येंची कार्डां करूया.” तिने रीत शिकवली. पानावरचं एकेक वाक्य घ्यायचं, त्याचा प्रश्न करायचा, उत्तर मागच्या बाजूला. एका कार्डावर एकच गोष्ट; वाक्य लांब असेल तर तोडायचं. आठवलं तर कार्ड चार दिवसांनी येतं, मग दहा, मग महिन्याने. विसरलं तर उद्या पुन्हा समोर हजर.

ती हे उत्साहाने सांगत होती आणि मला ती सगळी रीत आधीच पाठ होती. कारण तुमचे तीन डबे. तुम्ही खाणीवर वजनकाट्याचे कारकून; ट्रकांच्या जुन्या चिठ्ठ्या घरी आणायचात आणि कोऱ्या बाजूला प्रश्न लिहायचात. बिस्किटांचे तीन डबे: रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा. बरोबर उत्तर दिलं की चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्यात. आज जे जगभर शहाणपण म्हणून शिकवतात ते तुम्ही पाळीच्या स्वयंपाकघरात एकट्याने शोधून काढलं होतं. बुद्धी होती तुमच्याकडे. माणूसपण तेवढं कुठल्याच डब्यात नव्हतं.

सुरुवातीला चुकीला माझ्या बोटांवर पट्टी बसायची. एकदा नख उखडलं तेव्हा आई मध्ये पडली. पार्से गावची ती, तिची बोली तुम्ही चारचौघांत वेडावून दाखवायचात. ती म्हणाली, “चेडवाक हात लावू नकात. माका मारा.” तुम्ही दोन क्षण विचार केलात आणि म्हणालात, “बरं.” तेवढंच, एखाद्या अर्जावर सही करावी तसं. त्या दिवसापासून मी चुकले की मार आईला. ती चुलीशी उभी, मी पाटावर, तुम्ही डबे घेऊन दारात, आणि भाताला कढ येईपर्यंत परीक्षा. माझ्याइतका अभ्यास कॉन्वेंटमध्ये कोणी केला नाही. सिस्टर म्हणायच्या, या मुलीवर देवाची कृपा आहे. मी मान खाली घालायची.

चौथीत मला पाठांतराचं बक्षीस मिळालं. सोनेरी कडेचं, पंख असलेल्या देवदूताचं एक चित्र. अख्ख्या वर्गात एकच. मी ते वहीत दडवून आणलं. आईला ते सापडलं आणि सिस्टरांचा देव घरात आणला म्हणून तुम्ही चिडाल या भीतीने तिने ते चुलीत घातलं. पंख आधी काळे झाले, मग चेहरा. मी रडले नाही. संध्याकाळी तुम्ही आलात, कपड्यांवर खाणीची धूळ, पहिला डबा उघडलात.

“सतरा गुणिले नऊ?”

मी चुलीकडे बघत राहिले.

“बोल गो. जीभ कापून ठेवली काय तुझ्या सिस्टरांनी?”

आई वळली. “थोडो येळ दिया तिका.” तिच्या हातातला पितळी डाव तुम्ही काढून घेतलात आणि तिच्याच कानाखाली मारलात. आवाज आला तो डावाचा नव्हता. ती चुलीवर पडता पडता भिंतीला धरून राहिली, कानातून रक्त मानेवर, मानेवरून पोलक्यात. आणि तशातच तिने आधी भात सावरला. आज तुम्ही समोर असतात तर तोच डाव मी तुमच्या तोंडावर तुटेपर्यंत मारला असता, आणि मग दुसरा मागवला असता.

‘आई’ हे पान कार्डांत तोडायला माझा हात होईना, म्हणून आदल्या रविवारी तुमच्या नातीनेच बसून केलं. मध्येच थांबली. “आते, ह्या खरा?” मी म्हटलं, “खोटं लिहायला मला कॉन्वेंटमध्ये शिकवलेलं नाही.” तिने डोळे पुसले आणि एका वाक्याची तीन कार्डं केली. कशाने मारलं. कोणता कान. का. तिसऱ्याच्या मागे माझ्याच पानावरचे शब्द: ‘मला उत्तर आठवलं नाही म्हणून.’ फोन फोडला तरी उपयोग झाला नाही. तिने नवा आणून दिला, सगळी कार्डं त्यात जशीच्या तशी. त्या दिवसापासून रोज ते कार्ड येतं आणि रोज मी मागची बाजू न बघता ‘विसरले’ दाबते. ‘आठवलं’ दाबलं तर ते चार दिवसांनी येईल, मग दहा, मग महिन्याने, आणि मागचं उत्तर पाठ होत जाईल. माझं डोकं रिकामं होत चाललंय, बाबा. शेवटी जे घोकलेलं तेच उरणार. आणि ते उत्तर खोटं आहे.

मला येत होतं. तुम्ही ‘सतरा’ म्हणालात तेव्हाच येत होतं. देवदूत आईने जाळला होता आणि मला तिला मार खाताना बघायचं होतं. एकच, हलकासा, नेहमीसारखा. आई उरलेलं आयुष्य उजवा कान पुढे करून माझं बोलणं ऐकत राहिली आणि लोकांना सांगत राहिली, “माझ्या चेडवाची काय चूक? ल्हान होता ता.”

आता तुमचं. चुकलेली चिठ्ठी पहिल्या डब्यात परत जायची, हा तुमचा नियम, आणि तुम्ही तो कधी मोडला नाहीत. पण सतरा गुणिले नऊ तुम्ही मला पुन्हा कधीच विचारलं नाहीत. तुम्ही गेल्यावर मी तिन्ही डबे फरशीवर पालथे केले. ती चिठ्ठी नव्हती. म्हणजे मला उत्तर येतंय हे माझ्या तोंडाकडे बघून तुम्हाला कळलं होतं. मारण्याआधी कळलं की नंतर? आधी कळलं असेल तर तुम्ही मला माफ केलंत आणि तिला मारलंत, आणि तसं असेल तर तुमच्या राखेवर थुंकायला मी नदीपर्यंत चालत जाईन. नंतर कळलं असेल तर ती चिठ्ठी तुम्ही कोणासाठी लपवलीत?

पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तिसऱ्या डब्यात ठेवते. लेखी उत्तर हवं, तुमच्या त्या तिरप्या अक्षरात, येत्या रविवारी सकाळी सातच्या आत. सातला नात येते. ती यायच्या आत त्या तिसऱ्या कार्डाची मागची बाजू मला बदलायची आहे. तुमचं उत्तर आलं नाही तर तिथे फक्त माझं लिहीन. एकशे त्रेपन्न.