किरणच्या गाडीतलं जाड तेल

१४ एप्रिल, धुळे
पारोळ्याचा किरण गाडी घेऊन आला. टर्बो इंजिन, दोन वर्षं खपून शर्यतीसाठी तयार केलेलं. महिनाअखेरीस नाशिकला उतरवायची. ऑइल बदलायचं होतं. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-४०, फुल सिंथेटिक. डबा त्यानेच आणलेला.
आमच्या गॅरेजच्या नानांनी ते तेल बोटांवर चोळून पाहिलं. त्यांच्याच हाताखाली मी पाना धरायला शिकलो. म्हणाले, "हाई पानी शे, तेल नही. आठलं ऊन देख."
किरण चहाला गेला होता. मी आमचं नेहमीचं जाड २०-५० ओतलं, जुन्या जीपला टाकतो ते. नानांपुढे माझं तोंड उघडत नाही.

१५ एप्रिल
झोप नाही. डब्यावरचा दुसरा आकडा इंजिन शंभर डिग्रीला तापल्यावरचा जाडपणा. तिथे धुळ्याचं ऊन काय नि महाबळेश्वरचा गारवा काय. नानांना हे सांगायचं कुणी?
किरणला फोन करावा. केला नाही.

२३ एप्रिल
गाडी टो करून आणली. सरावातच इंजिन जाम झालं. इंजिनखालचा तेलाचा संप उघडला. काळा गाळ, त्यात बेअरिंगची चमचमती भुकटी. टर्बोच्या बारीक नळीत तेल जळून घट्ट झालेलं, पुढे पोचलंच नाही. क्रँकही गेला. यातून आता काही उठत नाही.
किरणनं विचारलं, कशानं झालं? इंजिन आधीच थकलं होतं म्हणालो. धडधडीत खोटं.

२६ एप्रिल
किरण शर्यत सोडतोय. फोनवर म्हणाला, "दादा, ॲक्सिलरेटरवर माझाच पाय जड. मला गाडी कळत नाही." त्याच्याइतकी गाडी कळणारा पोरगा अख्ख्या खान्देशात मी पाहिला नाही. हे तरी बोलायचं होतं.

२ मे
आज नाना त्या संपमधली भुकटी बोटांवर घेऊन बराच वेळ चोळत बसले. मग मला म्हणाले, "त्या गाडीना पुस्तकमा काय लिखेल व्हतं? वाच बरं."
नाना कुणाला वाचायला सांगत नाहीत. गॅरेजच्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
पुस्तक किरणकडे गेलं म्हणालो. ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. किरण उद्या गाडी न्यायला येतोय. नाना म्हणाले, मग त्यालाच विचारतो, आणि सकाळी लवकर येतो.