तुझ्या चुलीच्या जागी

आई, तुझं घर मी पाडायला दिलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बेटावरच्या बायका सगळं तुझ्या कानावर घालत असतील असं मला अजून वाटतं.

सुरुवात पावसाने केली. दिवाळी झाली की पाऊस संपला, वलांडीवरची ताडपत्री काढायची, बोंबलाला वारा लागू द्यायचा, हा तुझा नियम. बोंबील वाळवायच्या त्या बांबूच्या वलांडीखाली उभं राहून तू मला शिकवलंस तो दिवस अजून दिसतो. मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून सुट्टीवर आले आहे. जबड्यात जबडा अडकवून बोंबील जोडीने दोरीवर टांगायचे, त्यांचे दात बोटांत रुततात, आणि मी कुरकुरते की शाळेत सिस्टर हात हुंगतात. तू मान वर न करता म्हणतेस, "हुंगू दे. तुझं इंग्रजी ह्याच वासावर चाललंय."

वहिनीने तुझा नियम तसाच पाळला. यंदा दिवाळीनंतर तिने ताडपत्री घडी करून ठेवली आणि मार्गशीर्षात, बोंबील अर्धे सुकलेले असताना, पाऊस लागला तो थांबेचना. मालात किडे पडले. बायकांनी सगळा माल वाळूत खड्डा करून पुरला. वहिनी फोनवर रडली नाही. एवढंच म्हणाली, "वन्सं, सासूबायचा नियम आता चालत नाय." मला इतका संताप आला, आई. तू चुकली नव्हतीस. आकाश ज्यांनी बिघडवलं त्यांनी तुला चुकीचं ठरवलं, आणि त्यांच्यातल्या एकानेही कधी बोंबील टांगलेला नाही.

मग मी बेटावर गेले असताना मासेमारी खात्याचे एक साहेब आले आणि सांगू लागले. समुद्र तापलाय, मासळी लांब जातेय, बारीक आसाची, लहान भोकांची जाळी सोडा, पर्यायी उपजीविका शोधा. मी त्यांना इंग्रजीत विचारलं, तुम्ही तुमची कधी शोधताय? बायकांना शब्द कळले नाहीत, पण हसल्या त्याच जास्त. तरी त्यांची एक गोष्ट खरी होती. बोंबील सुकवायला बंदिस्त शेड हवी, वर पारदर्शक छत, उन्हावर चालणारे पंखे, मग बाहेर पाऊस पडो नाहीतर दव. पण वलांड्या उभ्या आहेत त्या जुन्या खळ्यात आता उधाणाचं पाणी शिरतं. पाणी पोचत नाही अशी मोकळी जागा एकच, तू गेल्यापासून कुलूप लावलेलं आपलं घर.

मी नाही म्हटलं. बरंच काही लागेल असं बोलले. वहिनी पायरीवर बसून ऐकत होती.

"वन्सं, तुमी मे महिन्यात येता, खिडक्या उघडता, रडता नि जाता. आमी बारा महिने हय र्‍हातो."

"आईचं घर आहे ते."

"सासूबाय असती तं सोताच कुदळ घेतली असती. तुमाला ठाव हाय."

मला ठाऊक होतं. म्हणूनच जास्त राग आला.

पाडताना मी समोर उभी राहिले. चुलीमागची भिंत शेवटी पडली. तुझ्या सगळ्या आयुष्याची काजळी होती तिच्यावर, आणि ती पडल्यावर पलीकडे थेट समुद्र दिसला. त्या जागी आता शेड आहे. आत निम्म्या दोऱ्या रिकाम्या असतात. पुरुषांनी मोठ्या आसाची जाळी घेतली, बारकी मासळी सोडून देतात. पण बोंबील परत येतील की नाही हे कुणी सांगत नाही. शेड पाऊस अडवते, मासळी आणत नाही. तुझं घर एवढ्यासाठी गेलं का, हे मी वहिनीला विचारू शकत नाही, म्हणून तुला विचारते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेवढीच सोय.

गेल्या आठवड्यात वहिनीने शेडमधल्या बोंबलांची जुडी पाठवली. मी ते निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खाल्ले आणि तिला फोनवर म्हटलं, ठीक आहेत, पण आईच्या हातची चव नाही.

खोटं बोलले. तुझ्यासारखेच लागत होते. ते वेगळे लागायला हवे होते मला.