शोभाकाकूंनी चिकटवलेलं पोस्टर

डोंबिवली, संक्रांतीनंतरचा शनिवार

कॉलेजच्या प्रोजेक्टची पोस्टरं आज सोसायटीच्या हॉलमध्ये लावली. शेजारच्या शोभाकाकू दुपारभर मदतीला होत्या. काका गेल्यापासून एकट्याच असतात त्या. सगळ्यात मोठं पोस्टर त्यांनीच सरळ करून चिकटवलं: 'पूर्वी विधवांना हळदीकुंकू लावत नसत.'

संध्याकाळी तिथंच सोसायटीचं हळदीकुंकू. आई एकेकीला कुंकू लावत पुढे येत होती. ती पोचायच्या आतच काकू उठल्या. "मी तिळगूळ वाटते गं," म्हणाल्या. आईला केवढं हायसं वाटलं! आणि मी? मी आपली मागून गुलाबपाणी शिंपडत होते. "काकू, बसा ना," एवढंसुद्धा तोंडातून निघू नये?

आवरताना काकूंनी तेच पोस्टर अलगद काढून माझ्या हातात दिलं. "छान झालंय गं. फक्त ते 'पूर्वी' तेवढं खोड."