फोटोतून मला मीच कापलं

मनू,

आईला घेऊन मी विहारात जातेय. चार वाजता कॅम्प एकमधून अनीश नावाचा मुलगा येईल. तुला माझ्या नावाने हाक मारेल, दचकू नकोस. सहा महिने ऑर्कुटवर त्याच्याशी मी बोलतेय, पण फोटो तुझा लावलाय. मामाच्या लग्नातला, आपल्या दोघींचा. त्यातून मला मीच कापलं.

त्याला खरं काय ते सांगून टाक. माझी हिंमत होत नाही. पावडर लावू नकोस, केस मोकळे सोडू नकोस आणि चहा तर अजिबात करू नकोस, तुझा चहा झकास होतो.

मी कशी दिसते असं त्याने विचारलं, तर अख्खा फोटो टीव्हीवर ठेवलाय, तो दाखव. नाहीच विचारलं, तर तो आलाच नव्हता असं मला सांग.

यशोताई